पुन्हा घराबाहेर पडताना: लहान-मोठ्या सगळ्यांना घेऊन, एकेक पायरी

२०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर, तुळशीचं लग्न लागलं आणि एका आठवड्यात आमच्याकडे तीन लग्नांची आमंत्रणं आली. दोन व्हॉट्सअॅपवर. तिसरं द्यायला चुलतसासरे स्वतः आले, अक्षता दिल्या, "सगळ्यांनी यायचं हं" म्हणाले आणि चहा न घेता दारातूनच परत गेले. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी नाही येत." नऊ वर्षांच्या लेकीनं विचारलं, "जेवताना मास्क काढावा लागेल ना?"

आम्ही डोंबिवलीत राहतो. घरात चौघं. सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या, बारा वर्षांचा मधुमेह, दोन्ही डोस झालेले. नवरा ऑगस्टपासून पुन्हा लोकलनं मुंबईला जातो. माझं काम बरंचसं घरून. लेक चौथीत, तिची शाळा तेव्हा अजून मोबाइलवर, आणि अठराच्या आतल्यांना लस मिळत नव्हती. एप्रिलच्या लाटेत सासूबाईंचा धाकटा भाऊ साताऱ्याला वारला. शेवटचं बघायलाही कोणाला जाता आलं नाही. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत त्या घराबाहेर पडल्या त्या फक्त लस घ्यायला.

सरकारनं एकेक दार उघडलं होतं. ४ ऑक्टोबरला शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी देवळं उघडली, २२ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेनं नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं. दार उघडलं म्हणून घरातले सगळे एकाच दिवशी बाहेर पडू शकत नाहीत. ज्या घरात एक म्हातारं माणूस, एक लस न मिळालेलं मूल आणि रोज गर्दीतून ये-जा करणारा एक कमावता माणूस एका छताखाली राहतो, त्या घरानं हे कसं करावं, ते गेल्या अडीच महिन्यांत आम्ही जमवत आणलं. तेच इथे क्रमानं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. घरात कोणाचं डायलिसिस किंवा केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, तर यातलं काहीही करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

पायरी १: एक संध्याकाळ सगळे एकत्र बसा

टीव्ही बंद करून, कागद-पेन घेऊन बसा. "बाहेर जाणं सुरक्षित आहे का?" या प्रश्नावर रात्र गेली तरी एकमत होत नाही, आमच्याकडेही झालं नाही. त्याऐवजी असं विचारा: आपल्यापैकी कोणाला हा आजार झाला तर सगळ्यात जड जाईल? त्या माणसाचं नाव कागदावर सगळ्यात वर लिहा. पुढचे सगळे निर्णय त्या नावाकडे बघून घ्यायचे. नवरा ऑफिसच्या पार्टीला गेला तर ती जोखीम त्याची एकट्याची राहत नाही, रात्री तो ज्या खोलीत जेवायला बसतो त्या खोलीची होते.

नावाखाली प्रत्येकाचं वय, आजार, चालू गोळ्या आणि दोन्ही डोसांच्या तारखा लिहा. दुसऱ्या डोसानंतर १४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय त्या माणसाला पूर्ण लसवंत धरू नका, २०२१ मध्ये लोकल आणि मॉलसाठीचा सरकारी नियमही तोच होता. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवस आणि कोव्हॅक्सिनच्या दोन डोसांत २८ दिवस तेव्हा जात होते. कोणाचा दुसरा राहिला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो घ्या. लशीनं आजार गंभीर होण्याची शक्यता खूप कमी होते, पण लस घेतलेल्या माणसालाही लागण होऊ शकते आणि त्याच्याकडून ती घरी येऊ शकते, हे नवऱ्यानं आणि मी दोघांनी नीट समजून घेतलं. लेकीची लस तेव्हा आम्ही दोघंच होतो.

मग राहिलेल्या तपासण्यांची यादी करा. कोरोनाच्या भीतीनं गेल्या दीड वर्षात किती घरांनी रक्ततपासण्या, डोळे, दात, रक्तदाब पुढे ढकलले असतील! सासूबाईंची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी फेब्रुवारी २०२० नंतर झालीच नव्हती. सप्टेंबरमध्ये केली तर ९.१ निघाली. घरात बसून, चालणं बंद, सोबतीला टीव्ही आणि फरसाण, दुसरं काय होणार? साखर चढलेली असताना कोणताही संसर्ग जास्त जड जातो, म्हणून आमचं बाहेर पडणं देवळापासून सुरू झालंच नाही, ते कोपऱ्यावरच्या लॅबपासून झालं. गोळ्या बदलून आणि चालणं सुरू करून आकडा खाली यायला लागला, तेव्हा पुढची पायरी घेतली.

आणि त्याच संध्याकाळी, ज्यांचं नाव सगळ्यात वर आहे त्यांना विचारा, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं? म्हाताऱ्या माणसांबद्दल आपण त्यांच्यासमोरच "आईंना नको न्यायला" असं परस्पर ठरवून टाकतो. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी दोनच जागा सांगितल्या. एक, फडके रोडवरचं गणेश मंदिर. दुसरी, साताऱ्याला भावाचं घर, वहिनीला भेटायला. लग्नं, हॉटेल, मॉल यांतलं काहीच त्यांच्या मनात नव्हतं. कोणासाठी कोणती जोखीम घ्यायची, ते अशा उत्तरातून ठरतं.

पायरी २: पाय आणि मास्क, दोन्हींची तयारी घरातच

या पायरीला आम्हाला तीन आठवडे लागले आणि ते लागू द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

दीड वर्ष घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय बसलेले असतात. त्यांना बाहेर धोका फक्त विषाणूचा नसतो, पडण्याचाही असतो. घरी एक साधी गोष्ट करून बघा. हात नसलेल्या खुर्चीवर बसायला सांगा आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगा. आमच्याकडे पहिल्या दिवशी सासूबाईंना ते एकदाही जमलं नाही. मार्च २०२० च्या आधी त्या बाजारातून दोन पिशव्या घेऊन चालत येत होत्या. मग रोज सकाळी जेवणाच्या टेबलाला धरून पाच वेळा उठ-बस, संध्याकाळी गच्चीवर दोन फेऱ्या, कोणीतरी बरोबर. तिसऱ्या आठवड्यात आधाराशिवाय चार वेळा उठता यायला लागलं.

चपला तपासा. कपाटात दीड वर्ष पडलेल्या चपलेचा तळ कडक होतो, चिकटवलेला असेल तर सुटतो. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला साधा फोडसुद्धा महागात पडतो. नवी चपलही आधी घरात चार दिवस घालायला द्या.

मास्क निवडताना तो तोंडावर किती नीट बसतो हे सगळ्यात आधी बघा. एन-९५ चं कापड हवेतले बारीक कण किमान ९५ टक्के अडवतं, पण नाकाच्या बाजूला फट राहिली तर हवा तिथूनच आत-बाहेर करते. मास्क लावल्यावर दोन्ही तळहात कडेनं ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांवर वारा लागला तर नाकाची पट्टी पुन्हा दाबून बसवा. चष्म्यावर वाफ येत असेल तर तीसुद्धा फटीचीच खूण आहे. पुढे गोल झडप असलेला मास्क घेऊ नका. त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो.

जे कानात यंत्र घालतात त्यांनी कानामागे अडकवायचा मास्क घेऊच नये. मास्क काढताना दोरीबरोबर यंत्र निघून येतं आणि गर्दीत पडलं तर सापडत नाही. डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मास्क घ्या.

मुलांचं वेगळं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क घालू नये. सहा ते अकरा या वयात मुलाला तो नीट लावता-काढता येतो का आणि मोठ्यांचं लक्ष आहे का, हे बघून ठरवायचं. बारापासून पुढे मोठ्यांसारखाच. आमच्या लेकीला रोज आवडतं कार्टून बघताना वीस मिनिटं मास्क, असा सराव दिला. नंतर मास्क लावूनच ती आजीला गोष्ट वाचून दाखवायची. त्यातून कळलं की तिचा मास्क बोलताना नाकाखाली घसरतो. हे घरात कळलेलं बरं.

लेकीबद्दल आणखी एक सांगते, कारण बऱ्याच घरांत असं झालं असावं. ऑगस्टमध्ये तिचे हात लाल होऊन सोलवटले होते. आम्हाला वाटलं, उष्णता. ती दिवसातून वीस-पंचवीस वेळा साबण लावत होती. "माझ्यामुळे आजीला झालं तर?" हे तिच्या मनात कधीपासून होतं कोण जाणे. दीड वर्ष आपण "आजीजवळ जाऊ नको" असं सहज बोलत होतो आणि ती ते साठवत होती. तिला शांतपणे सांगितलं, की आजार विषाणू पसरवतो, लहान मुलं वाईट वागल्यानं तो होत नाही. कोणाला झालाच तर तो कोणाचाही दोष नसेल. हात कधी धुवायचे त्याच्या चार वेळा ठरवल्या: बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, शौचानंतर आणि शिंक-खोकल्यानंतर. मुलाचं असं वागणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर बालरोगतज्ज्ञांना जरूर सांगा.

पायरी ३: ठसक्याचा नियम शिका

सासूबाईंना "एरोसोल" आणि "व्हेंटिलेशन" समजावताना मी दमले होते. मग एक दिवस ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या आणि हॉलमध्ये बसलेल्या त्यांना ठसका लागला. मी म्हटलं, "आई, असंच असतं ते."

विषाणू बाधित माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून, गाण्यातून बाहेर पडतो आणि त्याचे बारीक कण मिरचीच्या ठसक्यासारखे हवेत तरंगत राहतात. मोकळ्या अंगणात मिरच्या भाजल्या तर बाजूला उभं राहून चालतं. खिडक्या बंद करून भाजल्या तर आतल्या खोलीतल्या माणसालाही खोकला येतो. सहा फूट लांब बसलं म्हणून ठसका चुकत नाही, खिडकी उघडली की कमी होतो. कुठेही जायचं असेल तर मनात एवढंच विचारायचं: इथे मिरचीची फोडणी दिली तर ठसका बाहेर जाईल का? किती वेळात? आणि तोवर आपण इथे किती वेळ बसणार आहोत?

या एका नियमानं आमचे बरेच वाद मिटले. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो, म्हणजे ठसकाही फिरवतो. मोठ्यानं बोलणं, हसणं, आरती म्हणणं म्हणजे तव्यावर आणखी मिरच्या टाकणं. आणि भाज्या साबणानं धुणं, दुधाच्या पिशव्या सॅनिटायझरनं पुसणं, हे आम्ही २०२० मध्ये जीव तोडून केलं, ते आता सोडून दिलं. वस्तूंवरून लागण होण्याची शक्यता फार थोडी. साध्या पाण्यानं भाजी धुवा, हात धुवा, आणि वाचलेली मेहनत खिडकी उघडण्यात घाला.

पाहुणे घरी यायचे असतील तर खोलीची परीक्षा उदबत्तीनं करा. खोलीच्या मधोमध उदबत्ती लावून धुराची रेघ बघा. सरळ वर जाऊन छताखाली साठत असेल तर हवा अडकली आहे. समोरासमोरची दार-खिडकी उघडा, खिडकीजवळ टेबलपंखा बाहेरच्या दिशेनं तोंड करून ठेवा आणि पुन्हा बघा. आमच्या हॉलमध्ये सगळा फरक स्वयंपाकघराची खिडकी उघडल्यावर पडला, हॉलच्या खिडकीनं एकटीनं काही होत नव्हतं.

पायरी ४: मोकळ्यापासून बंदिस्ताकडे

आमचा क्रम असा होता. आधी इमारतीची गच्ची. मग सकाळी साडेसहाची बाग, आठवड्याच्या मधल्या दिवशी. मग रस्त्यावरची भाजी, दहा मिनिटं. मग मोकळ्या आवाराचं देऊळ. त्यानंतर खिडक्या उघड्या असलेली बंदिस्त जागा, थोडाच वेळ. एसीची बंद जागा त्याच्या पुढे, आणि जिथे बंद जागेत मास्क काढून खायचं आहे ती सगळ्यात शेवटी.

दर दोन पायऱ्यांमध्ये एक आठवडा जाऊ द्या. लागण झाली तर लक्षणं बहुधा पाच-सहा दिवसांत दिसतात, क्वचित १४ दिवसांपर्यंतही लांबतात. मधला आठवडा शरीरासाठी जेवढा लागतो तेवढाच मनासाठीही लागतो. पहिल्या दिवशी बागेत एक माणूस खोकला आणि सासूबाईंनी माझा दंड धरला. आम्ही तिथून लगेच घरी आलो. "काही होत नाही हो आई" असं मी म्हटलं नाही. ज्या बाईनं आपला भाऊ फोनवर गमावला, तिला असं म्हणण्याचा मला हक्क नाही असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "जायचं का?"

घरात या आजारानं कोणी गेलं असेल तर पहिलं बाहेर पडणं त्या माणसाच्या आठवणीच्या जागी ठेवू नका. ते घर, तो रस्ता, ते हॉस्पिटल नंतर येऊ द्या.

देवळात आम्ही मंगळवार आणि संकष्टी टाळून साध्या बुधवारी, दुपार टळल्यावर गेलो. आत रांगेत आमच्यापुढे सहाच माणसं होती. दर्शन झालं, सासूबाई बाहेर येऊन थोडं थांबल्या, कळसाकडे बघत राहिल्या, आणि मग मला म्हणाल्या, "दुसरा मास्क दे. हा भिजला." ओला मास्क, घामानं असो की डोळ्यांच्या पाण्यानं, नीट काम करत नाही आणि श्वासालाही जड जातो. म्हणून माणशी एक जादा मास्क नेहमी बरोबर हवा.

पायरी ५: पिशवी

एकदाच भरून दाराजवळ टांगून ठेवा:

- माणशी एक जादा मास्क, कागदी पाकिटात. वापरलेल्यांसाठी वेगळं पाकीट.
- सॅनिटायझरची छोटी बाटली.
- प्रत्येकाची पाण्याची वेगळी बाटली, नाव लिहून.
- लशीच्या प्रमाणपत्रांच्या छापील प्रती (२०२१ मध्ये त्या लागत) आणि ओळखपत्र. म्हाताऱ्या माणसाचा फोन ऐन वेळी उघडत नाही. प्रमाणपत्रावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का, ते घरीच बघा.
- मुलाच्या वयाचा पुरावा, तेव्हा मॉलमध्ये मागत.
- मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी साखरेची पुडी किंवा दोन चॉकलेटं.

बाहेर बाथरूमला जावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत. तसं करू देऊ नका. मास्क लावून स्वच्छतागृहात जाऊन पटकन येण्यातली जोखीम, उन्हात पाणी न पिता चक्कर येण्यापेक्षा कमी आहे.

पायरी ६: जाण्या-येण्याचं

रिक्षा उत्तम. दोन्ही बाजूंनी उघडी असते, ठसका क्षणात बाहेर. पावसाचा पडदा मात्र गुंडाळून ठेवायला सांगा. टॅक्सीत एसी बंद करून एकमेकींच्या तिरक्या कोपऱ्यांतल्या दोन काचा खाली करा, म्हणजे हवा गाडीतून तिरकी वाहते.

दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलनं जाता येऊ लागलं आणि दिवाळीच्या सुमारास एकेरी तिकीटही मिळू लागलं. पण तेवढ्यानं आजी-आजोबांना सकाळच्या आठ-साडेआठच्या गाडीत चढवू नका. साडेअकरा ते साडेतीन या वेळात, उलट दिशेची गाडी बघा, दाराजवळ किंवा खिडकीत जागा घ्या, आणि प्रवासभर मास्क काढायचा नाही, फोनवर बोलण्यासाठीही नाही. नवरा रोज गर्दीच्या वेळी जातो, तो डब्यात पूर्णवेळ एन-९५ घालतो आणि ऑफिसमध्ये डबा एकटा, खिडकीशी बसून खातो. दीड वर्षानंतर भेटलेल्या मित्रांबरोबर जेवता येत नाही याचं त्याला वाईट वाटतं. ते वाईट वाटणंही घरात बोलून दाखवायला हवं, नाहीतर एक दिवस त्याचा राग भलत्याच गोष्टीवर निघतो.

पायरी ७: लग्न

आपल्याकडे कुटुंबाचं बाहेर पडणं म्हणजे शेवटी लग्न, आणि सगळ्यात अवघड तेच. बंद हॉल, सनईवर चढलेले आवाज, चारी बाजूंनी मिठ्या, शिवाय एकाच वेळी शेकडो माणसांनी मास्क काढून जेवणं. यात माणसांचा मान-अपमानही गुंतलेला असतो.

आमंत्रण आलं की आधी फोन करा आणि मोकळेपणानं विचारा. लॉन आहे की हॉल? हॉल असेल तर एसी की खिडक्या? मुहूर्त कितीचा? जेवण पंगतीत की उभ्यानं? यजमानांना राग येईल ही भीती मला होती. पण चुलतसासूबाई म्हणाल्या, "बरं झालं विचारलंस, आमच्याकडेही सासऱ्यांचा हाच प्रश्न आहे." त्यांनी मग वयस्कर मंडळींसाठी मांडवाच्या कडेला वेगळ्या खुर्च्या टाकल्या.

सगळ्यांनी सगळ्या लग्नांना जाण्याची गरज नाही. आमच्या तीनपैकी एक लग्न एसी हॉलमध्ये रात्रीचं होतं. तिथे फक्त नवरा जाऊन आहेर देऊन आला, मास्क न काढता. दुसऱ्याच्या बाबतीत नवऱ्या मुलीलाच आम्ही आधी घरी केळवणाला बोलावलं, ती आणि तिची आई, दोघीच. दार-खिडक्या उघड्या, पुरणपोळी, शांतपणे गप्पा. लग्नाच्या गर्दीत तिच्याशी दोन वाक्यंही बोलता आली नसती. लहान वर्तुळातलं केळवण, साखरपुड्याआधीची भेट, लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांनी जोडप्याला घरी बोलावणं, या आपल्या जुन्याच रीती आहेत, त्या आज फार उपयोगी पडतात.

तिसरं, चुलतसासऱ्यांच्या मुलाचं, कल्याणला लॉनवर होतं. तिथे आम्ही चौघंही गेलो. आधीच फोनवर सांगितलं होतं: "काका, आईंना घेऊन मुहूर्ताला येतो, अक्षता टाकतो आणि निघतो. जेवायला थांबत नाही, राग मानू नका." हे वाक्य आधी सांगितलं तर कोणाला लागत नाही. ऐन वेळी पंगतीतून उठलं की लागतं.

पोचल्यावर सासूबाईंनी मांडवाकडे नीट बघितलं. तीन बाजूंनी कापडी कनाती सोडलेल्या होत्या. "इथं ठसका कोंडेल," त्या म्हणाल्या आणि चौथ्या, उघड्या बाजूची शेवटची खुर्ची धरून बसल्या. हे लक्षात ठेवा: लॉन म्हटलं तरी तिन्ही बाजू बंद असलेला मांडव हॉलसारखाच.

पाया पडायला मुलं-सुना येतात, वाकतात, गळ्यात पडतात. सासूबाईंनी मांडीवर पर्स आणि हातात अक्षतांची वाटी घेतली होती आणि प्रत्येकाला हात उंचावून लांबूनच आशीर्वाद देत होत्या. हात रिकामे असले की माणूस ते धरतोच. फोटोसाठी स्टेजवर मास्क काढायला सांगतात, तिथे आम्ही मास्कसह फोटो काढून घेतला. ज्यांना काढायचा असेल त्यांनी फोटोपुरता श्वास धरावा आणि खाली उतरताना लावावा, स्टेजवर गप्पा नकोत.

मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आम्ही निघालो. तिथे चाळीस मिनिटं होतो. चुलतसासूबाईंनी मसालेभात आणि जिलबीचा डबा हातात दिला. तो आनंदानं घ्या. शिजवलेल्या अन्नातून हा आजार पसरल्याचं दिसलेलं नाही, धोका ताटात नसतो, शेजारच्या ताटावर बोलत बसलेल्या माणसाच्या श्वासात असतो. घरी येऊन लेकीनं मास्क काढला आणि पहिली जिलबी तिनं उचलली.

पायरी ८: नाटक, सिनेमा, हॉटेल

माझं मत सांगते. नाटकाला जाणं हॉटेलात जेवण्यापेक्षा बरं. नाट्यगृह बंद आणि एसीचं असतं हे खरं, पण २०२१ च्या त्या दिवसांत निम्मीच माणसं, प्रेक्षक गप्प, सगळे एका दिशेला तोंड करून, आणि दोन तास मास्क काढायची गरज नाही. मध्यंतरात बटाटावडा मात्र बाहेर मोकळ्यावर येऊन खा. हॉटेलात मास्क काढूनच बसायचं आणि समोरासमोर बोलायचं. खाण्याची हौस असेल तर पार्सल घ्या किंवा रस्त्यावरच्या उघड्या टेबलावर बसा. सासूबाईंना आम्ही अजून या पायरीवर नेलेलं नाही, त्यांनाही घाई नाही.

पायरी ९: परत आल्यावर

हात-तोंड धुवा, कपडे बदलावेसे वाटले तर बदला. डेटॉलच्या आंघोळीची गरज नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र त्या दिवशी खूण करा, कुठे गेलो ते दोन शब्दांत लिहा आणि पुढचे पाच दिवस पेन्सिलनं रंगवा. त्या पाच दिवसांत बाळंतिणीला, आजारी माणसाला, दुसऱ्या कोणत्या आजोबांना भेटायला जायचं नाही. कोणाला लागण झाली तर "आपण कुठे गेलो होतो?" हे आठवत बसावं लागत नाही. लग्नानंतर नवरा चार दिवस घरात सासूबाईंसमोर मास्क लावून बसला आणि जेवण गॅलरीत केलं.

पायरी १०: कोणाला ताप आलाच तर

हे आधीच ठरवून फ्रिजवर चिकटवा. कोणती खोली, कोणतं बाथरूम, जेवण कोण देणार, डॉक्टरांचा नंबर, आणि सासूबाईंना तेव्हा कुठे हलवायचं. एकच बाथरूम असेल तर आजारी माणसानं शेवटी वापरायचं, नंतर अर्धा तास खिडकी उघडी.

सर्दी, घसा, ताप, अंगदुखी, वास जाणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी वेगळं व्हायचं आणि चाचणी करायची. "हवा बदललीय, थंडी पडायला लागलीय" असं म्हणायचं नाही. ऑक्सिमीटरचे सेल तपासून ठेवा. बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, लग्नाहून आलेल्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, मेंदी नसलेलं बोट निवडावं. बसून आकडा बघा, मग घरातच सहा मिनिटं चाला, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं, आणि पुन्हा बघा. ९३ च्या खाली गेला किंवा चालण्याआधीपेक्षा तीनपेक्षा जास्त घसरला तर लगेच डॉक्टरांना फोन. बसूनच आकडा कमी असेल किंवा धाप लागत असेल तर चालून बघत बसू नका.

ऑक्टोबरच्या शेवटी लेकीला सर्दी झाली. दोन रात्री ती आणि मी आतल्या खोलीत, मास्क लावून, खिडकी उघडी. चाचणी निगेटिव्ह आली. त्या दोन दिवसांत सासूबाई म्हणाल्या, "झालं, आता पुन्हा दार बंद." आम्ही दार बंद केलं नाही. एक पायरी खाली आलो, आठवडाभर फक्त गच्ची आणि बाग, मग पुन्हा वर. गावात रुग्ण वाढायला लागले तरी असंच करायचं. एक-दोन पायऱ्या उतरा, गच्ची सोडू नका. पाय पुन्हा बसले की उठवायला आणखी तीन आठवडे जातात.

साताऱ्याला जायचं अजून बाकी आहे. हे लिहिताना, नोव्हेंबर २०२१ मध्ये, एसटीचा संप चालू आहे, म्हणून डिसेंबरात गाडी ठरवून जायचा बेत आहे, काचा खाली, वाटेत उघड्यावर थांबून घरचा डबा खायचा. वहिनीला कळवलं आहे की ओसरीवरच बसू, रात्रीही मागच्या खोलीची खिडकी उघडीच ठेवू. तिच्या घराला बावीस पायऱ्या आहेत. सासूबाई सध्या आमच्या जिन्यात रोज संध्याकाळी एक मजला चढतात. काल अठरावर थांबल्या.